लॅपटॉपच्या प्रत्येक पोर्टची क्षमता विक्रीच्या वेळी लेखी मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की बडोद्यात सयाजीगंज, अलकापुरी या भागांतल्या संगणकाच्या दुकानांत पालकांची वर्दळ वाढते. वृत्तपत्रांतही त्या सुमारास लॅपटॉपच्या किमती, प्रोसेसर, रॅम आणि बॅटरी यांविषयी माहिती येते आणि ती उपयोगी असते. परंतु लॅपटॉपच्या दोन्ही कडांना जे पोर्ट असतात, म्हणजे चार्जर, पेन ड्राइव्ह, प्रोजेक्टर, इंटरनेटची केबल आणि हेडफोन जोडण्याच्या ज्या जागा असतात, त्यांच्याविषयी खरेदीआधी कोणी फारसे विचारत नाही आणि विकणारेही आपणहून सांगत नाहीत. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यानंतर मी आमच्या दांडिया बाजार परिसरातल्या मुलांसोबत आणि ज्येष्ठ मंडळींसोबत लॅपटॉप घ्यायला जाते आणि घरी आल्यावर तो जोडून द्यायला मदत करते. खरेदीनंतरच्या मनस्तापाचा मोठा भाग या पोर्टमुळेच निर्माण होतो, अशी त्या अनुभवातून माझी खात्री झाली आहे. प्रत्येक पोर्ट नेमके कोणते काम करू शकतो, हे विक्रीच्या वेळी लेखी सांगणे बंधनकारक व्हावे, या एका मागणीसाठी हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

ही मागणी बडोद्यातून व्हावी याला औचित्यही आहे. आज जगात सर्वाधिक वापरात असलेल्या यूएसबी या जोडणीच्या निर्मितीत ज्यांचा प्रमुख वाटा होता ते अभियंते अजय भट्ट हे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पुढे इंटेल कंपनीत त्यांनी हे काम केले. २०१३ मध्ये त्यांना युरोपीय संशोधक पुरस्कार मिळाला आणि २०२५ मध्ये भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. त्यांच्या कामाचे मोल समजायचे तर त्याआधीचा संगणक आठवावा लागतो. मागच्या बाजूला माऊसची जागा वेगळी, कीबोर्डची वेगळी, मोडेमची नऊ पिनांची, प्रिंटरची पंचवीस छिद्रांची रुंद; शिवाय नवे उपकरण जोडले की संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे आणि पुष्कळदा त्याची जुळवणी हाताने करावी लागे. १९९४ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी एकत्र येऊन एकच सामाईक जोडणी ठरवण्याचे काम हाती घेतले आणि १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली.

तिची रचना साधी होती. आत चार पट्ट्या असत. दोन पट्ट्यांमधून ५ व्होल्टचा वीजपुरवठा आणि उरलेल्या दोन पट्ट्यांमधून माहितीची ये-जा. उपकरण जोडताच संगणक त्याला ते कोण आहे आणि त्याला किती वीज लागणार आहे हे विचारतो, उत्तर मिळाल्यावर योग्य ते सॉफ्टवेअर चालू करतो, आणि हे सर्व संगणक चालू असतानाच होते. यूएसबीची ती चौकोनी पिन एकाच बाजूने बसते याबद्दल पुष्कळ लोक तक्रार करतात. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा आणि सर्किट दुप्पट लागले असते आणि खर्च वाढला असता, असा खुलासा स्वतः भट्ट यांनी केलेला आहे. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण ही जोडणी स्वस्त राहिली म्हणूनच ती प्रत्येक संगणकात पोहोचली.

गोंधळ पुढे सुरू झाला. बाहेरून तीच दिसणारी चौकोनी जागा आत मात्र बदलत गेली. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट होता, तर २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० ने तो ५ गिगाबिटांवर, म्हणजे दहापटींहून अधिक नेला. त्यासाठी जुन्या चार पट्ट्यांच्या मागे आणखी पाच पट्ट्या बसवण्यात आल्या. नवा पोर्ट ओळखता यावा म्हणून आतल्या प्लास्टिकच्या जिभेला निळा रंग देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती चांगली होती, पण ती सक्तीची नव्हती. त्यामुळे आज काही कंपन्यांचे वेगवान पोर्टही काळेच असतात आणि केवळ रंगावरून निर्णय घेता येत नाही. त्याहून त्रासदायक प्रकार नावांचा झाला. मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये यूएसबी ३.० चे नाव बदलून ३.१ जेन १ केले आणि २०१७ नंतर त्याचेच ३.२ जेन १ झाले. तिन्ही नावांचा वेग ५ गिगाबिट हाच आहे. पण जाहिरातीत ३.२ असा आकडा वाचणाऱ्या ग्राहकाला आपण काहीतरी नवीन आणि अधिक वेगवान घेत आहोत असे वाटते. मानक बनवणाऱ्यांनीच ग्राहकाची अशी दिशाभूल होऊ द्यावी, हे मला अक्षम्य वाटते. अलीकडे त्याच संस्थेने नावांऐवजी सरळ ५, १०, २० किंवा ४० गिगाबिट असा वेग लिहिण्याची शिफारस केली आहे, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र दुकानातल्या माहितीपत्रकांवर ती अजून फार क्वचित दिसते.

या आकड्यांचा रोजच्या कामाशी संबंध काय, असे पालक विचारतात. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात हाती ३०-४० मेगाबाइटच पडतात. लग्नाचे चित्रीकरण किंवा एखाद्या प्रकल्पाच्या फाइली मिळून २० गिगाबाइट होत असतील, तर जुन्या वेगाच्या पोर्टमधून त्या बाहेरच्या डिस्कवर न्यायला आठ-दहा मिनिटे लागतात आणि ५ गिगाबिटच्या पोर्टमधून, बाहेरची डिस्क एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान) प्रकारची असेल तर, साधारण एका मिनिटात काम होते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्वस्त पेन ड्राइव्हचा स्वतःचा वेगच कमी असतो, तो निळ्या पोर्टमध्ये लावला म्हणून वेगवान होत नाही. पोर्ट, केबल आणि उपकरण या तिघांत जो सर्वांत मंद असेल त्याच्याच वेगाने काम चालते.

आता टाइप-सी या पोर्टकडे वळते, कारण माझ्या तक्रारीचा गाभा तोच आहे. २०१४ मध्ये ठरवलेला हा लहान, गोलसर कडांचा पोर्ट मुळात फार चांगली कल्पना आहे. वर बारा आणि खाली बारा असे त्यात चोवीस संपर्क असतात, पिन कशीही लावली तरी बसते, आणि कोणत्या बाजूने बसली आहे हे ओळखण्यासाठी वेगळा संपर्क राखलेला असतो. त्याच संपर्कावरून चार्जर आणि लॅपटॉप विजेविषयी बोलणी करतात. परंतु टाइप-सी हे केवळ आकाराचे नाव आहे, क्षमतेचे नाही, ही गोष्ट बहुतेक ग्राहकांना कोणी सांगितलेली नसते. या एकाच आकाराच्या पोर्टमधून फक्त जुन्या ४८० मेगाबिटच्या वेगाने माहिती जात असेल, किंवा ५, १०, २० वा ४० गिगाबिटच्या वेगाने जात असेल. त्यातून लॅपटॉप चार्ज होत असेल किंवा नसेल. त्याला मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडता येत असेल किंवा नसेल. वरच्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये तोच आकार थंडरबोल्ट या इंटेलच्या जोडणीसाठी वापरला जातो. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती टाइप-सीच्या आकारात आली आणि तिचा वेग ४० गिगाबिट झाला. कित्येकदा एकाच लॅपटॉपवर शेजारी शेजारी असलेल्या दोन टाइप-सी पोर्टची क्षमताही सारखी नसते.

आपल्या घरच्या भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटचे उदाहरण घ्यावे. ६ अँपिअरचा सॉकेट लहान आणि १६ अँपिअरचा मोठा असतो, म्हणून गीझरची जाड पिन लहान सॉकेटमध्ये बसतच नाही. म्हणजे आकारच क्षमता सांगतो आणि न शिकलेल्या माणसाचेही रक्षण करतो. टाइप-सीमध्ये ही सोय मुद्दाम काढून टाकली आहे. सगळे सगळ्यात बसावे हा हेतू उत्तम आहे, पण आकाराने सांगायचे सोडले तर ती माहिती अक्षरांनी किंवा खुणांनी सांगणे हे उत्पादकाचे कर्तव्य ठरते, आणि ते कर्तव्य आज पाळले जात नाही.

खुणा अजिबात नसतात असे नाही. पोर्टजवळ इंग्रजी डी अक्षराच्या पोटात पी अक्षर काढलेले असेल तर त्यातून डिस्प्लेपोर्ट या पद्धतीने मॉनिटरकडे चित्र जाते. बॅटरीचे किंवा चार्जरच्या पिनेचे चित्र असेल तर बहुधा त्यातून चार्जिंग होते. दोन एस अक्षरांच्या शेजारी १० किंवा २० हा आकडा असेल तर तो वेग गिगाबिटमध्ये असतो. बाणासारखे टोक असलेल्या, आकाशात चमकणाऱ्या विजेची खूण काढलेली असेल तर तो थंडरबोल्ट. मात्र चौकोनी यूएसबी पोर्टजवळही काही कंपन्या साधी वीज काढतात आणि तिचा अर्थ लॅपटॉप बंद असतानाही येथून मोबाइल चार्ज होईल एवढाच असतो. दोन खुणा इतक्या सारख्या असतील तर सामान्य माणसाने त्या ओळखाव्यात कशा? शिवाय पुष्कळ लॅपटॉपवर टाइप-सीच्या शेजारी एकही खूण नसते आणि दुकानात विचारले तर "टाइप-सी छे, बधुं चालशे" (टाइप-सी आहे, सगळे चालेल) असे उत्तर मिळते. ते उत्तर लबाडीने दिलेले असते असे मी म्हणणार नाही, कारण बहुतेक विक्रेत्यांनाही याहून अधिक माहिती कंपनीने दिलेली नसते.

या एका उत्तराची किंमत कोण मोजतो ते सांगते. आमच्या परिसरातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने घेतलेल्या लॅपटॉपवर टाइप-सी पोर्ट होता, म्हणून तिने टाइप-सीमधून एचडीएमआय (पडद्यापर्यंत चित्र आणि आवाज नेणारी जोडणी) करणारा अडॅप्टर विकत घेतला. सादरीकरणाच्या दिवशी वर्गातल्या पडद्यावर काहीच उमटले नाही. अडॅप्टर खराब असेल म्हणून दुसरा आणला, तोही चालला नाही. शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात अगदी खाली, तो पोर्ट फक्त माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आहे, असे इंग्रजीत एका ओळीत लिहिलेले सापडले. पाकीट फोडलेले असल्याने दुकानाने दोन्ही अडॅप्टर परत घेतले नाहीत.

चार्जिंगबाबतचे अज्ञान केवळ पैशांचे नुकसान करत नाही, यंत्रही बिघडवते. जुन्या पद्धतीच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये कोणतीही बोलणी नसतात. त्यावर लिहिलेला दाब पिन लावताच लॅपटॉपला मिळतो. बहुतेक लॅपटॉपना १९ किंवा १९.५ व्होल्ट लागतात, पण काही लहान लॅपटॉप १२ व्होल्टवर चालतात, आणि एकाची पिन दुसऱ्यात बसली म्हणून चार्जर चालेल असे मानणे धोक्याचे आहे. चार्जरवरच्या चिकटपट्टीवर व्होल्ट, अँपिअर आणि पिनेच्या मधल्या व बाहेरच्या भागाची अधिक-उणे बाजू छापलेली असते. व्होल्ट आणि ती बाजू तंतोतंत जुळली पाहिजे; अँपिअर मूळ चार्जरइतके किंवा जास्त असले तरी चालते, कमी असून चालत नाही. पिनेची जाडी मिलिमीटरच्या अंशानेच वेगळी असते, म्हणून ती दाबून बसवण्याचा मोह होतो. असे केल्याने आतला डीसी जॅक, म्हणजे पिन बसण्याची जागा, सैल होतो आणि मग तो बदलण्यासाठी लॅपटॉप उघडावा लागतो.

टाइप-सीच्या चार्जरमध्ये ही भीती बरीच कमी आहे. असा चार्जर आधी ५ व्होल्टच देतो आणि लॅपटॉपने मागितल्यावरच ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातो. चार्जरवर शेवटी २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर लिहिलेले असेल तर दोहोंचा गुणाकार ६५, म्हणजे तो ६५ वॉटचा चार्जर आहे. हा गुणाकार मी प्रत्येक मुलाला स्वतः करायला लावते, कारण पुढे कोणताही चार्जर घेताना तोच उपयोगी पडतो. मोबाइलचा २० वॉटचा चार्जर लॅपटॉपला लावला तर अपाय होत नाही, पण लॅपटॉप एक तर चार्ज होणे नाकारतो किंवा वापरात असताना बॅटरी उतरतच राहते. आधी या पद्धतीची कमाल मर्यादा १०० वॉट होती. २०२१ मध्ये ती २४० वॉटपर्यंत वाढवण्यात आली.

येथे केबलचा विचार केला नाही तर सर्व हिशेब चुकतो. दोन्ही टोकांना टाइप-सी पिन असलेल्या दोन केबली बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात, तरी एकीतून ६० वॉट आणि दुसरीतून २४० वॉट जाऊ शकतात. ३ अँपिअरहून अधिक प्रवाह न्यायचा असेल तर केबलच्या पिनेतच एक छोटी चिप असावी लागते. ती नसेल तर चार्जर आणि लॅपटॉप दोन्ही १०० वॉटचे असूनही वीज ६० वॉटवरच थांबते. माहितीच्या वेगाचेही तसेच आहे. मोबाइलसोबत मिळणाऱ्या पुष्कळ टाइप-सी केबली २००० सालच्याच ४८० मेगाबिट वेगाच्या असतात, महागड्या फोनसोबतच्यादेखील. त्या चार्जिंगला उत्तम असतात, पण त्याच केबलने मॉनिटर जोडायला गेले तर चित्र येत नाही आणि दोष लॅपटॉपला दिला जातो. केबलवर वॉट आणि गिगाबिट हे दोन आकडे छापण्यासाठी अधिकृत चिन्हे ठरलेली आहेत. ज्या केबलवर काहीच छापलेले नाही, ती केवळ चार्जिंगची समजावी, असे मी सर्वांना सांगत असते.

चित्राच्या जोडण्यांविषयी शाळा-महाविद्यालयांच्या दृष्टीने थोडे लिहिणे आवश्यक आहे. आपल्या शहरातल्या काही वर्गांत आणि सभागृहांत अजूनही व्हीजीए जोडणीचे प्रोजेक्टर आहेत. तीन ओळींत पंधरा पिना असलेली, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली ही जोडणी आयबीएमने १९८७ मध्ये आणली. तिच्यातून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही, आणि ते चित्रही कमी-जास्त होणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपात जाते. २००२ मध्ये आलेल्या एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज दोन्ही अंकांच्या रूपात जातात. म्हणून एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणाऱ्या अडॅप्टरमध्ये रूपांतर करणारी चिप असते, आणि तोच अडॅप्टर उलट लावून व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाता येत नाही. त्यासाठी वेगळे यंत्र लागते. दुकानात अडॅप्टर मागताना लॅपटॉपच्या बाजूला कोणता पोर्ट आणि पडद्याच्या बाजूला कोणता, हे याच क्रमाने सांगावे. एचडीएमआयच्याही आवृत्त्या आहेत. १.४ आवृत्तीच्या पोर्टमधून ४के (अतिशय बारीक तपशिलाचे) चित्र सेकंदाला जेमतेम ३० वेळा बदलते आणि माऊसची हालचाल अडखळत दिसते, २.० मध्ये ते ६० वेळा बदलते. ज्यांना मोठ्या मॉनिटरवर रोज काम करायचे आहे त्यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो खोक्यावर कोठेही लिहिलेला नसतो.

उरलेल्या पोर्टबद्दल फार सांगण्यासारखे नाही. इंटरनेटच्या केबलचा आठ संपर्कांचा पोर्ट पातळ लॅपटॉपमधून नाहीसा होत आहे, पण जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांत वायफाय पोहोचत नाही तेथे तो हवाच असतो. केबल १०० मीटरपर्यंत लांब असली तरी चालते. हेडफोनच्या ३.५ मिलिमीटरच्या छिद्रात हल्ली आवाज आणि माइक दोन्ही एकत्र असतात, म्हणून वेगळ्या माइकसाठी दुभागणारी छोटी केबल घ्यावी लागते. छायाचित्रे काढणाऱ्यांनी एसडी कार्डाची खाच आहे का ते पाहावे.

पोर्ट कमी पडले की हब, म्हणजे एका पोर्टच्या अनेक जागा करणारी डबी, घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. हबमुळे जागा वाढतात, क्षमता वाढत नाही. हबला जोडलेली सर्व उपकरणे लॅपटॉपच्या त्या एकाच पोर्टचा वेग आणि वीज वाटून घेतात. चौकोनी यूएसबी २.० पोर्टची ठरलेली वीज ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट, आणि ३.० ची ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट असते. एवढ्यावर फिरती हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि पंखा एकत्र चालवले तर डिस्क मध्येच बंद पडते आणि लिहिली जात असलेली फाइल खराब होते. अशा वेळी स्वतःचा चार्जर असलेला हबच घ्यावा. मुळात रोज लागणाऱ्या उपकरणांची यादी करून तेवढे पोर्ट असलेला लॅपटॉप निवडावा. हजार-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी पोर्ट कमी असलेले मॉडेल घेणे नंतर महागात पडते.

पोर्ट झिजतात, हेही ग्राहकाला सांगितले पाहिजे. साधा चौकोनी यूएसबी पोर्ट १,५०० वेळा जोडण्या-काढण्यासाठी आणि टाइप-सी १०,००० वेळांसाठी ठरवलेला आहे. दिवसातून अनेकदा पेन ड्राइव्ह लावणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपमध्ये पहिला पोर्ट सैल होतो तो यामुळेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीने आणि पिशवीतल्या कापसाच्या तंतूंनी टाइप-सी पोर्ट आतून भरतो आणि पिन पूर्ण बसत नाही. अशा वेळी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, लाकडी काडीने हलकेच कचरा काढावा, सुई किंवा टाचणी कधीही घालू नये. अनेक लॅपटॉपमध्ये हा पोर्ट थेट मदरबोर्डला डाख देऊन बसवलेला असतो. चार्जिंगसाठी एकच पोर्ट असेल आणि तोच निकामी झाला, तर साऱ्या लॅपटॉपचा उपयोग थांबतो. म्हणून चार्जिंग करणारे दोन पोर्ट असलेले, त्यातही दोन्ही कडांना एकेक असलेले मॉडेल मिळत असेल तर ते घेण्याची शिफारस मी करते.

हे सर्व ज्ञान ग्राहकाने स्वतः मिळवावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला आहे. भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सी पोर्ट, पिन आणि केबलसाठी भारतीय मानक प्रसिद्ध केले, ही चांगली सुरुवात झाली. युरोपीय संघाने त्यापुढचे पाऊल टाकले. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे मोबाइल आणि इतर लहान उपकरणांना टाइप-सी सक्तीचे झाले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. माझ्या मते त्या नियमातला सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच आहे: उपकरणाला किमान आणि कमाल किती वॉट लागतात आणि सोबत चार्जर आहे की नाही, हे चित्ररूपाने खोक्यावर छापावे लागते. आपल्याकडे एवढे तरी व्हावे आणि त्यात पोर्टच्या माहितीची भर पडावी. प्रत्येक पोर्टपुढे चार गोष्टी पुरेशा आहेत: वेग किती गिगाबिट, लॅपटॉपला वीज घेता येते का आणि किती वॉट, बाहेरच्या उपकरणाला वीज देता येते का, आणि चित्र बाहेर जाते का. हा तक्ता खोक्यावर आणि दुकानातल्या किमतीच्या पाटीवर, इंग्रजीसोबत राज्याच्या भाषेत आणि हिंदीत असावा. कंपन्यांकडे ही माहिती असतेच, ती फक्त ग्राहकासमोर आणायची आहे. त्यासाठी खर्च होत असेल तर तो शाईचा.

बडोद्याच्या विद्यापीठानेही यात पुढाकार घ्यावा. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ज्या कलाभवनाची स्थापना केली आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी ज्याची घडी बसवली, त्याच परंपरेत आजची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी आहे. तंत्रविद्या लोकांना त्यांच्या भाषेतून मिळावी, असा गज्जरांचा आग्रह होता. येथील विद्यार्थ्यांनी बाजारात मिळणाऱ्या लॅपटॉपचे पोर्ट प्रत्यक्ष तपासून त्यांचे मराठी आणि गुजराती तक्ते प्रवेशाच्या काळात दुकानांना आणि वाचनालयांना दिले, तर हजारो पालकांची सोय होईल. आपल्या वृत्तपत्रानेही दरवर्षी जून महिन्यात अर्धे पान या विषयाला द्यावे, अशी विनंती आहे. त्याचा मजकूर तयार करण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

नियम होईपर्यंत वाचकांनी एक गोष्ट अवश्य करावी. पैसे देण्याआधी लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल क्रमांकासह तपशीलपत्र दुकानदाराकडून मागून घ्यावे, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये मॉडेल क्रमांकानुसार पोर्ट बदलतात. आणि बिलावर टाइप-सीपुढे चार्जिंग, डिस्प्ले आणि वेग या तीन बाबी दुकानदाराच्या हस्ताक्षरात लिहून घ्याव्यात. शक्य असेल तर दुकानातच टाइप-सी चार्जर आणि मॉनिटर जोडून पाहावा. लिहून दिलेले प्रत्यक्षात चालले नाही आणि दुकानाने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि त्या बिलाची प्रत सोबत जोडावी.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे